वीस बाय तीस फूट सावली

१४ नोव्हेंबर

ती. मामा,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण स्टाफरूममध्ये तेवढी जागा नाही आणि मांडीवर तिसरीच्या एकतीस वह्या आहेत. बसल्या जागी केलेला गोड मानून घ्या.

काम असल्याशिवाय भाचीचं पत्र येत नाही, असं तुम्ही मामीला म्हणणारच. म्हणा. काम आहेच.

आमच्या पुस्तकात ऊन, सावली आणि ऋतू असा धडा आहे. त्यातल्या चित्रात सूर्य हसतोय आणि झाडाची सावली सूर्याच्याच बाजूला पडलीय. मी वर्गाला विचारलं, यात काय चुकलंय? एकतीसपैकी एकोणतीस जण म्हणाले, सूर्याला नाक नाही. मी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना मैदानात नेलं. तिथे व्हॉलीबॉलच्या नेटचा एक जुना खांब आहे. त्याचा जोडीदार केव्हाच गायब झालाय. हा एकटा, गंजलेला, पण ताठ. ठरवलं, दर सोमवारी बरोबर साडेबाराला या खांबाच्या सावलीच्या टोकावर एकेक खडा पुरायचा, नंबर रंगवून. वर्षभर. सावली कधी लांबते, कधी आखडते आणि थंडी-उन्हाळ्याशी तिचं काय नातं आहे, हे पोरं आपल्या डोळ्यांनी बघतील.

पहिला खडा दहा तारखेला मुंगीने पुरला. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहानखुरी पोरगी. तिची आई त्याच सकाळी नर्सिंगच्या कोर्सला गेली, एका वर्षासाठी. मुंगी आता मावशीकडे राहते. ती इतकी रडत होती की खड्यावरचा रंग वाळेना. मला काय सुचलं देव जाणे, मी म्हटलं, "हे बघ, सावली वर्षभर हिंडून परत या खड्याला शिवेल ना, त्या दिवशी तुझी आई येईल." नळ बंद करावा तसं तिने रडं बंद केलं आणि विचारलं, "आणि नाही शिवली तर?" तेवढ्यात घंटा झाली, मी सुटले.

वाटलं, विसरेल. कसली विसरतेय! रोज डब्याच्या सुट्टीत त्या खड्यापाशी उकिडवी बसून राखण करते.

आता अडचण ऐका. परवा हेडसरांचं कपाळ त्या खांबावर आपटलं आणि ते खांब उपटायच्या मागे लागलेत. तुमच्या बांधकाम खात्याचा एक कागद आला की गप्प बसतील. अर्ज सोबत जोडलाय. खांबाचं नाव मुद्दाम घातलं नाही. नाहीतर तो कोणत्या खात्याचा, यावरून फाइल अडकते, हे मी तुमच्याकडूनच शिकलेय. एवढंच लिहिलंय: 'इयत्ता तिसरीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळेच्या मैदानातील सावली वर्षभर टिकून राहावी, अशी व्यवस्था करण्यात यावी.'

तुमची,
भिंगरी

---

२ डिसेंबर

चि. भिंगरीस पोटभर आशीर्वाद.

तुझा अर्ज मी वाचला. पत्र मामीने वाचलं आणि मी दाढी करत असताना मला थोडक्यात सांगितलं. पण पत्राचं काही नसतं गं. पत्रात माणूस वाहवत जातो. अर्जात जे लिहिलं तेच खरं, या नियमावर मी तेहेतीस वर्षं हेडक्लार्की केली. आणि अर्ज काय फर्मास लिहिलायस! एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही. साहेबांनासुद्धा दाखवला.

तुला म्हणून सांगतो. तेहेतीस वर्षांत माझ्या टेबलावरून निघालेली एकही गोष्ट जमिनीवर उभी राहिलेली मी पाहिली नाही. पूल, पायऱ्या, भिंती, एवढंच काय, बागेतला एक साधा बाक. सगळं 'पुन्हा सादर करावे' असा शेरा घेऊन परत. येत्या ऑक्टोबरअखेर मी निवृत्त होतोय. त्याआधी ही एक सावली मी उभी करूनच जाणार.

तुझ्या हेडसरांना आजच कळवलं आहे की 'मैदानातील सावलीबाबत कार्यवाही सुरू असल्याने तेथील कोणत्याही वस्तूस हात लावू नये.' तू निर्धास्त राहा. सावलीच्या केसालाही धक्का लागणार नाही.

तुझा,
मामा

---

१३ फेब्रुवारी

ती. मामा,

तुमच्या कागदाने जादू केली. हेडसर आता खांबाला वळसा घालून जातात आणि जाताना त्याच्याकडे रागाने बघतात.

सावली डिसेंबरात लांब लांब गेली, मग मागे फिरली. थंडीत ती लांब का होते, असं विचारलं तर ढब्बू म्हणाला, "अंगभर पांघरूण घेते." ढब्बू आमचा शास्त्रज्ञ आहे, फक्त उत्तरं चुकतात. मग मी टॉर्च आणि खडू घेऊन दाखवलं. टॉर्च खाली धरला, खडूची सावली लांब. वर धरला, आखूड. थंडीत सूर्य दुपारीसुद्धा खालून जातो, ऊन तिरपं पडतं, म्हणून ते कमी तापवतं आणि सावल्या लांबतात. तीस जणांना पटलं. ढब्बूचं अजून पांघरूणच चाललंय.

पण दोन तारखेच्या सोमवारी आमचे बारा वाजले. मागे फिरलेली सावली मुंगीच्या खड्याच्या रेषेत येणार, हे तिने बोटांवर मोजून ठेवलं होतं. नवा फ्रॉक घालून, दोन घट्ट वेण्या घालून आली. मावशीला म्हणे, आज भात जास्त टाक. साडेबारा वाजले. सावली खड्याच्या बरोबर रेषेत आली, मामा, पण दीड फूट बाजूला! शेजारून निघून गेली, ओळख न दाखवता. मुंगी माझ्याकडे बघायला लागली. मी हेडसरांच्या घड्याळाला दोष दिला. घड्याळ दुरुस्तीला गेलं आणि 'काही बिघाड नाही' असं लिहून परत आलं.

शेवटी एका जाड पुस्तकात सापडलं. घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा वर्षभर जुळत नाहीत. कधी सूर्य पाव तास पुढे, कधी मागे. म्हणून सावली जाते एका वाटेने आणि येते दुसऱ्या. वर्षभराचे खडे जोडले तर म्हणे इंग्रजी आठाचा आकडा होतो, आणि त्याच तारखेशिवाय ती त्या खड्याला शिवत नाही. हे मी मुंगीला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे अर्ध्या वर्षात उगाच कुणी आई म्हणून येऊ नये म्हणून." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता सावली भराभर आखूड होत चाललीय. उन्हाळ्यात अगदी खांबाच्या पायाशी येईल.

तुमची,
भिंगरी

---

३ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

मामीने तुझं पत्र वाचता वाचता शेवट मोठ्याने वाचला, सावली आखूड होत चाललीय, आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. पण पोरी, काळजी सोड. मंजुरी आली!

वीस बाय तीस फूट. लोखंडी. चार कोपऱ्यांना चार पाय, काँक्रीटमध्ये. एकदा उभी राहिली की जागची हलणार नाही. थंडी असो, उन्हाळा असो, इंचभर कमी होणार नाही की जास्त होणार नाही. अशी सावली तुमच्या आसपासच्या एकाही शाळेत नाही.

मंजुरीच्या कागदाची एक नक्कल मी घरी आणलीय. मामी म्हणते, भिंतीला लावा एकदाची.

तुझा,
मामा

---

११ मार्च

ती. मामा,

लोखंडी सावली?

मी तुमचं पत्र चार वेळा वाचलं, दोनदा उभ्याने. मामा, तुम्ही छप्पर मंजूर करून घेतलंय. आम्हाला खांबाची सावली हवी होती, जमिनीवर पडणारी, हलणारी, लांबणारी, आखडणारी! मुलांना उन्हातच उभं राहायचंय. मैदानावर छप्पर आलं तर ऊन पडणार नाही, ऊन नाही तर सावली नाही, आणि सावली नाही तर मुंगीच्या खड्याला शिवणार काय, हेडसर?

कृपा करून ते रद्द करा.

भिंगरी

---

२० मार्च

चि. भिंगरी,

हे पत्र मी लिहितेय, मामी. तुझं पत्र मी फोडलं, वाचलं आणि डब्यांच्या कागदाखाली ठेवून दिलं. यांना दाखवलं नाही. रागावू नकोस.

मला पहिल्या पत्रापासून सगळं माहीत आहे. दोनदा सांगून पाहिलं, अहो, तिला छप्पर नकोय, खांब हवाय. म्हणाले, अर्जात खांब कुठेय? आता तूच सांग, कुठेय?

हा माणूस तेहेतीस वर्षं ऑफिसातून येताना मान खाली घालून येतो. मंजुरी आल्यापासून शिट्टी वाजवत येतो. शिट्टी भयंकर वाजवतो, पण वाजवतो. परवा भिंतीवर कागद लावला आणि तीनदा लांब जाऊन सरळ आहे का ते बघितलं. ते रद्द करा, असं माझ्या तोंडून निघणार नाही. तुझ्या लेखणीतूनही निघू नये, असं वाटतं.

पोरीचं काय करायचं ते कळत नाही. मलाही तिची काळजी लागून राहिलीय. तिची आई तर तारखेला येणारच ना गं? मग सावली शिवली काय आणि नाही काय?

तुझी,
मामी

---

२८ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं आभाराचं पत्र पोचलं. दोनच ओळी होत्या. मनातून फार भरून आलं असलं की तुझं असंच होतं, लहानपणापासून.

सावलीचा नकाशा तयार झाला. एक पेच होता, तो मी सोडवला. मैदानात एक लोखंडी खांब निघाला, नेमका सावलीच्या मधोमध. नोंदी चाळल्या तर खांब क्रीडा खात्याचा. दुसऱ्या खात्याच्या खांबाला आम्ही हात लावू शकत नाही. तो काढावा म्हणून मी त्यांना लिहिलंय. कारण विचारलं होतं, तिथे 'सावलीस अडथळा' असं घातलं. पण ते खातं म्हणजे तुला माहीत आहेच. त्यांच्यासाठी थांबलो तर मी निवृत्त होईन आणि सावली राहील कागदावर. म्हणून छप्पर खांबाच्याच उंचीला सपाट धरलं आणि खांबापुरतं एक भोक ठेवलं. भोकातून खांबाचं डोकं बोटभर वर येईल. कुणाच्या खांबाला धक्का नाही, कुणाची हरकत नाही. साहेब म्हणाले, डोकं आहे तुम्हाला. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले.

तुझा,
मामा

---

६ ऑक्टोबर

ती. मामा,

हे पत्र तुम्ही स्वतः वाचा. मामीकडे देऊ नका. दाढी झाल्यावर, चष्मा लावून वाचा.

सावली उभी राहिली. सप्टेंबरात आठ दिवस ठोकाठोक चालली होती. वर्गासोबत मीही जूनपासून चौथीवर आलेय; मुलांना समजावलं की हे आपल्या भल्यासाठीच आहे. हेडसरांनी फीत कापली. खांब छपराखाली उभा आहे, खांबाला आता सावलीच पडत नाही, आणि खड्यांची ओळ सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तुटली ती तुटलीच.

मुंगी दोन आठवडे छपराखाली चकरा मारत होती. काल डब्याच्या सुट्टीत तिने हेडसरांना गाठलं. "सर, आमची सावली कुठे गेली?" हेडसर खुशीत होते. हात पसरून म्हणाले, "अगं, ही काय! इथून तिथपर्यंत सगळी सावलीच सावली!" मुंगीने वर बघितलं, खाली बघितलं, आपल्या खड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे सावली माझ्या खड्याला शिवलीय. कधीचीच शिवलीय. मग आई का नाही आली?"

मामा, हेडसर घड्याळ बघत ऑफिसात निघून गेले. अकरा वर्षं शिकवतेय मी. काय सांगू तिला, की एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि आम्ही मोठ्या माणसांनी नेमका नको तो मंजूर करून घेतला? ती आता खड्यापाशी बसत नाही. मावशी सांगत होती, आईचं पत्र आलं तर ठेवून देते, उघडत नाही. आई दहा नोव्हेंबरपर्यंत येईल, पण या पोरीच्या लेखी ती यायची वेळ टळून गेलीय.

मला छप्पर नको होतं. मार्चमध्येच लिहिलं होतं, ते पत्र तुम्हाला मिळालं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून इतके महिने गप्प राहिले. आता मुंगीला वाईट वाटतंय, आणि ती आठ वर्षांची आहे.

भिंगरी

---

३१ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

आज शेवटचा दिवस. टेबल रिकामं झालंय, हा कागद तेवढा उरलाय.

तुझं पत्र चष्मा लावून वाचलं. मग मामीकडून तुझी सगळी पत्रं मागून घेतली, डब्यांच्या कागदाखालचंसुद्धा, आणि पहिल्यापासून वाचली. पत्रांतच सगळं होतं. अर्जात काहीच नव्हतं. हे मला कामाच्या शेवटच्या महिन्यात कळलं. फार लाज वाटली. दोन दिवस शिट्टी वाजवली नाही. मामी म्हणाली, तेवढाच कानांना आराम.

मी छप्पर पाडायचा अर्ज लिहायला बसलो. तुला खोटं वाटेल, पण लिहिला. मामीने तो हातातून काढून घेतला. म्हणाली, आधी इकडे या. खिडकीत ऊन आलं होतं. तिने ओट्यावर एक पेन्सिल उभी केली आणि पेन्सिलीच्या टोकाची सावली पडली तिथे मोहरीचा दाणा ठेवला. मग पेन्सिलीएवढ्या उंचीवर डब्याचं जुनं झाकण आडवं धरलं. त्या झाकणाला खिळ्याने पाडलेलं भोक आहे. भोक बरोबर पेन्सिलीच्या टोकावर आणलं आणि मला म्हणाली, पेन्सिल काढा. मी काढली. सगळा ओटा सावलीत, आणि मोहरीच्या दाण्यावर उजेडाचा एवढासा ठिपका. दाणा तसूभरही सरकवावा लागला नाही. टोक होतं तिथे भोक आलं, एवढाच फरक. ऊन आपलं ज्या वाटेने जायचं त्याच वाटेने गेलं.

भिंगरी, छपराला भोक मी ठेवलंय. माझ्या हाताने, नकाशात. त्यात फक्त तो खांब अडकलाय.

क्रीडा खात्याचे जिने या महिन्यात मी एकोणीस वेळा चढलो. आज दुपारी खांब काढण्याचा हुकूम निघाला. माझ्या जून महिन्याच्या अर्जावर. 'सावलीस अडथळा' हे कारण त्यांना पूर्ण पटलं. पाच तारखेपर्यंत माणसं येतील. नंतर ते भोक बुजवायचं झालं तर वेगळा अर्ज लागेल. तो हेडसरांना करू देऊ नकोस.

ठिपका दहा तारखेला तिच्या खड्यावर पडेल का? मामी म्हणते पडेल. मला धाकधूक वाटते. मी आजवर केलेलं काहीच जागेवर पडलेलं नाही.

तुझा,
मामा

---

११ नोव्हेंबर

ती. मामा आणि मामी,

सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मीच रडेन.

पाच तारखेला माणसं आली. खांब खालून खणला, आडवा केला आणि घेऊन गेली. हेडसरांनी त्याला निरोपाचा हात केला. साडेबाराला छपराच्या भोकातून ऊन खाली उतरलं आणि जमिनीवर एक लांबट ठिपका पडला. खड्यांची ओळ सप्टेंबरात जिथे तुटली होती, तिथून पुढे, त्याच वळणावर. मी मुंगीला हाताला धरून आणलं. तिने ठिपक्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ही सावली नाही. ऊन आहे." बरोबरच होतं. मी टॉर्च, खडू आणि डब्याचं झाकण घेऊन बसले. मामी, तुमचंच झाकण समजा. मुंगीने तीनदा करून बघितलं. मग ढब्बूने निकाल दिला, "बाहेर उन्हात सावली फिरते, तर सावलीत ऊन फिरणारच." पहिल्यांदाच त्याचं उत्तर बरोबर आलं आणि तो स्वतःच घाबरला. मुंगीने ठिपका आणि खडा यांच्यामध्ये बोटं ठेवून मोजली. "अजून पाच बोटं," म्हणाली, आणि खड्यापाशी उकिडवी बसली.

सहा तारखेला तिची आई आली! कोर्स चार दिवस आधी संपला होता. पिशवीसकट थेट शाळेत आली, मैदान ओलांडून धावत. मुंगीने मान वर करून बघितलं आणि बाजूला सरकून जागा दिली. म्हणाली, "बसा. आई दहा तारखेला येणार आहे. अजून चार बोटं आहेत."

ती बाई आधी हसली, मग माझ्याकडे बघितलं, मग तिचा चेहराच पडला. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, माझ्या त्या बोलण्यापासून तुमच्या वीस बाय तीसपर्यंत. मला वाटलं, चार शब्द सुनावेल. सुनवायलाच हवे होते. पण ती गेली आणि मुंगीशेजारी उकिडवी बसली. चार दिवस बसली. घरी मुंगी तिला पाणी द्यायची, उशी द्यायची, पाहुणीला करतात तसं सगळं करायची. वेणी मात्र मावशीकडूनच घालून घ्यायची. एकदा म्हणे विचारलं, "तुम्हाला मुलं आहेत का?" मावशी स्वयंपाकघरात जाऊन रडून आली.

काल सगळा वर्ग गोल उभा होता. हेडसर घड्याळ हातात घेऊन. सकाळपासून एक ढग आमच्या डोक्यावर मुक्कामाला होता. आकाशाकडे बघून मी जे काही म्हटलं ते शिक्षिकेने म्हणू नये. बारा वाजून सत्तावीस मिनिटांनी तो हलला. भोकातून ऊन आलं. ठिपका खड्याच्या कडेशी. हेडसर म्हणाले, "एकोणतीस." ठिपका सरकला, खड्यावर चढला, रंगवलेला एकचा आकडा उजळला. मुंगीने खड्यावर हात ठेवला. ठिपका तिच्या हातावर. बघत राहिली. मग मान वळवली आणि चार दिवस शेजारी बसलेल्या बाईकडे असं बघितलं, जणू ती आत्ता कुठे दिसली.

"आई," म्हणाली, "तू कधी आलीस?"

पुढचं मला लिहिता येत नाही. एकतीस पोरं आणि हेडसर धरून सगळ्यांचे डोळे वाहत होते. मामा, तुमची सावली उभी आहे आणि बरोबर जागेवर पडली आहे. एकदा येऊन बघा. खाली जागा ठेवलीय, मुंगीला तुम्हाला काहीतरी लिहायचंय.

तुमची,
भिंगरी

मामा,
आई आली. मी आता वेणी आईकडून घालून घेते. बाई म्हणतात तुम्ही खूप जिने चढलात. आता भोक बुजवलं तरी चालेल.
नका बुजवू. ढब्बूचे बाबा जहाजावर गेलेत, त्याने आज खडा पुरलाय.
मुंगी